चिलटांचा अश्विन

चहाच्या कपात पहिलं चिलट पडलं, की भादवा सरत आला असं मी समजते. त्यासाठी कालनिर्णयाची पानं उलटायला लागत नाहीत. आज सकाळी पडलं. कपाच्या काठाशी, सायीत पाय अडकलेलं, तिळाएवढं. बोटानं काढून टाकलं आणि चहा पिऊन घेतला. तीन वर्षांपूर्वीची मी असते, तर कप घासला असता, बशी घासली असती, सगळा ओटा फिनेलनं पुसला असता आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक वाक्य ऐकवलं असतं. आता वय झालं म्हणा, की अक्कल आली म्हणा.

हे दिवस मला आधी नाकाला कळतात. पाऊस मागे सरकलेला असतो, पण जमीन अजून कोरडी झालेली नसते. ऊन अंगाला चिकटतं. आमच्या वर्ध्यात पिपरीच्या रस्त्यावर आर्वीकडची सीताफळं टोपल्या भरभरून येऊन बसतात, त्यांच्या शेजारी डागाळलेले पेरू, पलीकडे केळीचा गाडा. गावाच्या कडेला सोयाबीन निघालेलं असतं, त्याचा भुसा वाऱ्यावर उडत घरात येतो आणि भांड्यांवर बसतो. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी भुलाबाई मांडतात, झाकलेला डबा हलवतात आणि आतला खाऊ ओळखायला लावतात. मला तर वासावरूनच कळतं, की आत केळं आहे आणि ते कालचं आहे. या दिवसांत कोणत्याही घरात जा, कुठेतरी एखादं फळ जरा जास्तच पिकून बसलेलं असतं. चिलटांना तेवढं पुरतं.

माशीचं एक बरं असतं. ती एकटी येते, आवाज करते, फडकं मारलं की मरते. चिलटाचं तसं नाही. ते कुठून येतं कळत नाही, टाळी वाजवावी तर टाळीच्या वाऱ्यानंच बाजूला सरकतं आणि परत नाकापुढे येऊन तरंगतं. दहा मारली तर अकरावं कुकरच्या शिटीवर बसलेलं असतं. मला वाटतं, बाईच्या सोशिकपणाची परीक्षा घ्यायलाच देवानं हा जीव घडवला असावा.

तर तो तीन वर्षांपूर्वीचा अश्विन. त्या वर्षी मामाजी, म्हणजे माझे सासरे, नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच उन्हाळ्यात गेल्या. मामाजींचा सगळा जन्म जाम गावाच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात, भाजीच्या वावरात गेलेला. वांगी, भेंडी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि बाजारात न्यायचं. वावर आता धाकटे दीर बघतात. मामाजींचे गुडघे गेले, साखरेचा त्रास सुरू झाला, म्हणून यांनी त्यांना वर्ध्याला आणलं. हे म्हणजे माझे मिस्टर, एका शाळेत क्लार्क आहेत.

आता मागे वळून पाहते तर अंगावर काटा येतो. चिलटं घालवायच्या नादात त्या वर्षी मी आत्याबाईंचं भेदर कायमचं घालवलं असतं, आणि त्याच्यापाठोपाठ मामाजींनाही घरातून घालवलं असतं. भेदर म्हणजे टमाटर. पण बाजारात मिळतं ते गुळगुळीत, टणक, फ्रिजमध्ये पंधरा दिवस तसंच बसून राहणारं टमाटर नव्हे. आमचं भेदर चपटं, अंगावर वळ्या असलेलं, सालीनं इतकं पातळ की गाडीत घातलं तर वर्ध्यापर्यंत येता येता फुटायचं. म्हणून ते कधी विकलं गेलं नाही. विहिरीच्या काठानं दहाबारा झाडं असायची, ती फक्त घरच्यासाठी. निखाऱ्यावर भाजून, लसूण, मिरची आणि मूठभर सांबार घालून त्याची चटणी केली की बाकी स्वयंपाकाकडे कोणी बघायचं नाही. त्याचं बी कोणत्याही दुकानात नाही. ते दरवर्षी आत्याबाई धरायच्या, म्हणून होतं.

हे सगळं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नव्हतं. मला फक्त चिलटं दिसत होती.

कारण माझं पोटपाणी माझ्या ओट्यावर चालतं. मी डबे करते. आमच्या भागात बाहेरगावची पोरं-पोरी खोल्या करून राहतात, कोणी डॉक्टरी शिकतं, कोणी इंजिनिअरिंग. पोळ्या, भाजी, वरण, भात, कधी ठेचा, सणाला गोड. सकाळी पाचला कणीक मळायला घेते आणि साडेआठला शेवटचा डबा बाहेर जातो. माझ्या डब्यात केस निघाला नाही कधी. ही माझी शेखी होती आणि ती मी चारचौघांत मिरवतही होते, खोटं कशाला बोलू.

मामाजी आल्यावर पंधरा दिवसांनी चिलटं वाढायला लागली. आधी मला वाटलं, दिवसच तसे आहेत. मग डस्टबिन रोज दोनदा बाहेर. मग आलूची टोपली उलटी करून एकेक आलू हातात घेऊन दाबून पाहिला. एक कांदा नासका निघाला, केवढा आनंद झाला मला! वाटलं सापडला चोर. पण दुसऱ्या दिवशी चिलटं तेवढीच. बेसिनच्या जाळीतून उकळतं पाणी ओतलं, सोडा ओतला. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, तर चिलटं राहिली जागेवर आणि आम्ही तिघं खोकत अंगणात आलो. कापूर लावला. यांनी सकाळी दाढी करता करता टाळ्या वाजवून चिलटं मारायचा सपाटा लावला. नवरात्र जवळ आलेलं, तर शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "तुमच्याकडे आरती लवकर होते का जी?"

मामाजी या कशात पडायचे नाहीत. खुर्चीत बसून बघायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामाजी, गावी कसे करत होते जी चिलटांचं?"

ते म्हणाले, "गावी कोन पाह्यते त्याइकडे? अश्विनात येते, थंडी पडली का जाते."

"इथं थंडीपर्यंत थांबले तं माझे डबे बंद होतीन," मी म्हटलं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. तेव्हा त्यांनी नजर का वळवली ते मला कळायला हवं होतं. पण माझं लक्ष दुधाच्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे होतं, त्याच्या काठावर पाच बसली होती.

मामाजींचा स्वभावच कमी बोलण्याचा. शहरात तर ते अजूनच मुके झाले. सकाळी फिरून यायचे, पेपर वाचायचे, दुपारी पडायचे. आठवड्यातून एकदोनदा दीर भाजीची गाडी घेऊन वर्ध्याच्या बाजारात यायचे, जाता जाता आमच्याकडे पिशवी टाकायचे. त्या पिशवीत तळाशी हटकून सातआठ भेदरं असायची, मामाजींनी खास सांगून मागवलेली. त्या वर्षी विहिरीच्या काठची निम्म्याहून जास्त झाडं पावसानं सडली होती. उरलेल्या चार झाडांवर थोडंफार लागत होतं. मी म्हणायचे, द्या चटणी करते. मामाजी म्हणायचे, राहू दे. पिशवी स्वतःच्या पलंगाखाली ठेवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला आपल्या वावरातलं काहीतरी जवळ असावंसं वाटत असेल. थोडं हसूही यायचं.

एका सोमवारी हे मोबाइलवर काहीतरी बघून आले. म्हणाले, बाटलीत पिकलेलं फळ कुस्करून टाकायचं, वर कागदाची नरसाळ्यासारखी पुंगळी बसवायची. चिलट वासानं आत जातं, बाहेर यायची वाट सापडत नाही. त्यात व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे. माझ्याकडे व्हिनेगर कुठलं? आणि केळं संपलेलं. मामाजी फिरायला गेले होते. त्यांच्या पलंगाखालच्या पिशवीतली दोन भेदरं इतकी पिकली होती की खालून पाझरत होती. ती घेतली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कुस्करली, थोडं पाणी, गुळाचा एक खडा, वर कागद. साबण घालायचा मात्र विसरले. बरणी खिडकीत ठेवली आणि कामाला लागले.

दोन दिवसांत बरणीत चिलटं दिसायला लागली. काही बुडालेली, बरीचशी काचेवर मजेत बसलेली. बाहेरचीही तेवढीच. म्हणजे त्यांना मी फुकटची खाणावळ उघडून दिली होती.

बुधवारी सकाळी साडेनऊला फोन आला. डॉक्टरी शिकणारी एक पोरगी, गोड बोलणारी, वर्षभर माझा डबा खाणारी. ती म्हणाली, "काकू, रागावू नका, पण वरणात दोनतीन बारीक किडे आहेत. मी फेकून दिलं, दुसरीकडे खाऊन घेईन. तुम्हाला सांगावं वाटलं फक्त." आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त लागलं. दुसरी कोणी भांडली असती तर मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं. लाज वाटली म्हणा.

मग जी लागले, ती स्वयंपाकघर उपसायलाच. डबे उतरवले, फळ्या पुसल्या, सिलिंडर हलवला. सिलिंडरच्या मागे एक गंज होता, वर फडकं बांधलेलं. फडकं सोडलं आणि माय वो! पहिला भपकाराच असा आला की डोकं मागे गेलं. आत लालसर काळं पाणी, वर बुरशीची साय, आणि चिलटांचा धूरच्या धूर अंगावर. पिठाच्या डब्यामागे दुसरा. सज्ज्यावर जुन्या कुकरमध्ये तिसरा, त्यातलं जरा ताजं होतं. मी महिनाभर कडुनिंब आणि कापूर जाळून स्वतःचंच नाक मारून घेत होते आणि चिलटांची पैदास माझ्याच घरात, माझ्याच फडक्याखाली चालली होती. कोणी ठेवलं ते विचारायची गरजच नव्हती. आमच्या घरात झाकण म्हणून फडकं बांधायची सवय एकाच माणसाला.

डोकं फिरलं. विचार म्हणून केला नाही. तिन्ही भांडी अंगणातल्या नालीत उलटी केली, वरून उकळतं पाणी ओतलं, फिनेल ओतलं, भांडी राखेनं आणि मग साबणानं घासून उन्हात पालथी घातली. जिंकल्यासारखं वाटलं.

मामाजी साडेअकराच्या सुमारास आले. पालथी भांडी बघून दारातच थांबले.

"यातलं पानी?" त्यांनी विचारलं.

"फेकलं," मी म्हटलं. "मामाजी, माझ्या डब्यात किडे निघाले आज. पोरीनं फोन केला. घरात असं कुजवून ठेवते का कोनी? मी महिनाभरापासून पागल होऊन राह्यली, अन् तुम्ही पाहून राह्यले नुसते!"

ते चपला काढून आत आले, खुर्चीत बसले. हाताचे पंजे गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "भेदराचं बी होतं ते. तुह्या आत्याबाईचं. पुडीतलं सारंच म्या औंदा लावून टाकलं. बुढी अर्धं मांगं ठेवे, मले ध्यानात नाई आलं. झाडं गेली सडून. धाकटा म्हनते, दसऱ्यानंतर ते जागा साफ करून ठिबकचा पाइप टाकतो. म्हटलं, त्याच्या आधी बी धरून घेऊ. आता झालं. जाऊ दे."

राग उतरला नव्हता आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "मले सांगाचं तं होतं." दुपारी जेवताना त्यांनी मीठही मागितलं नाही, त्या दिवशी भाजीत मीठ विसरलं होतं तरी.

संध्याकाळी यांच्याकडून कळलं, की मामाजींनी दिराला फोन केला. उद्या गाडी बाजारातून परतताना मी येतो म्हणाले, वावरातच राहतो. हे मला म्हणाले, "जाऊ दे, त्यांचं मन लागत नाही इथं." मी पोळ्या लाटत होते. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की चला, स्वयंपाकघर स्वच्छ होईल. ते मनात आलं आणि मागोमाग असं वाटलं, की कोणीतरी हे ऐकलं असावं. गावी दिवसभर वावरात राबणाऱ्या दीर-जावेच्या संसारात त्यांच्या गोळ्या, त्यांचं पथ्य, त्यांचे गुडघे कोण बघणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी थांबा म्हटलं नाही. शब्द आला नाही म्हणा, की येऊ दिला नाही.

गुरुवारी सकाळी डबे गेल्यावर मामाजींची कापडी पिशवी दाराशी तयार होती. धोतर नेसून, टोपी घालून ते अंगणात उभे. दीर येतच होते. मी हाताला काहीतरी काम हवं म्हणून खिडकीतली ती बरणी उचलली. एवीतेवी तिचा उपयोग नव्हता. अंगणातल्या नळापाशी आले, कागदाची पुंगळी काढली, तर आतली सगळी चिलटं माझ्या तोंडावर. थू थू करत मी बरणी नालीवर तिरपी केली.

"थांब!" मामाजी एवढ्या जोरानं ओरडले की बरणी हातातून सुटायचीच बाकी होती. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, या माणसाला मी तोवर ओरडताना ऐकलं नव्हतं.

ते गुडघे विसरून आले. बरणी माझ्या हातातून घेतली आणि उजेडात धरली. वर पांढरा फेस, त्यात मेलेली चिलटं. मध्ये पिवळट पाणी. आणि तळाशी बी. मोकळं झालेलं, एकेक दाणा सुटा, अंगावरचा चिकट बुळबुळीत पडदा गळून गेलेला.

"असंच," ते म्हणाले. "बुढीच्या गंजात असंच दिसे. हे कोनी केलं?"

"मीच. चिलटं पकडाले. तुमच्या पिशवीतले दोन भेदरं घेतले होते, पार पिकून गेलते."

"किती दिवस झाले याले?"

"सोमवारी ठेवलं. आज गुरुवार."

"तीन दिवस?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी खोटं सांगते आहे. "तीनच? म्या आठ आठ, दहा दहा दिवस ठेवलं. म्हटलं चांगलं कुजलं पायजे. दरवेळी कोंब फुटून काळं पडे. फेकून परत नवं घालो."

मी म्हटलं, "तीनच दिवस, मामाजी. फेस आला का धुवाचं. आत्याबाई म्हनत, चौथ्या दिवशी हात लावला तं बी हातचं गेलं."

म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, की मला हे माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच अश्विनात आत्याबाईंनी मला चुलीजवळच्या गंजापाशी बसवलं होतं, हातात तुरीची काडी दिली होती आणि दिवसातून दोनदा ढवळायला सांगितलं होतं. मला वासानं मळमळलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "वास येते म्हनजे बी होऊन राह्यलं." मग चाळणीत धुवायचं, राखेत घोळायचं, कागदावर सावलीत वाळवायचं. सगळं माहीत होतं. वर्ध्याला आलो, वाण्याकडून टमाटर आणायला लागलो आणि ते माझ्या डोक्यात कुठेतरी खाली जाऊन बसलं.

"तुले माईत होतं?" मामाजी म्हणाले.

"होतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही इचारलं कुठी?"

मी हे टोचायला म्हटलं नव्हतं, तोंडातून गेलं. त्यांनी बरणी दोन्ही हातांत धरली होती. नालीच्या कडेला तसेच खाली बसले, धोतर ओलं होईल याचीही पर्वा न करता.

"बायकाचं काम म्हनून कधी पाह्यलंच नाई म्या," ते म्हणाले. "बी हातात ये, मी लावो. ते कसं होते, कुठी ठेवते, किती ठेवते, काई नाई. तीसुद्धा बोलली नाई अन् म्या तिलेई कधी इचारलं नाई. पंचावन्न वर्सं."

त्यांचे डोळे भरले. मी दुसरीकडे पाहिलं, कारण सासऱ्याला रडताना बघायची आम्हाला सवय नाही. मीही कुठे विचारलं होतं? घरात एक म्हातारा माणूस महिनाभर काहीतरी लपवून करतो आहे, दर आठवड्याला भेदरं मागवतो आहे आणि खात नाही. एकदा तरी जवळ बसून म्हणायचं, मामाजी, याचं काय करता? मी नासके कांदे शोधत होते.

चहाच्या गाळणीत आम्ही ते बी धुतलं. वरची चिलटं बोटानं वेचून काढावी लागली. मामाजी पाणी घालत होते, मी हलवत होते. पाणी नितळ झालं तसं बी फिकट, बारीक केसाळ दिसायला लागलं. हे शाळेत जायला निघालेले, स्कूटरची किल्ली हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिले. मामाजींनी त्यांना फर्मावलं, "राख पाह्य कुठी भेटते तं." माझ्या नवऱ्यानं गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली. शाळेत उशीर झाला त्यांना.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. दीर रस्त्यावरूनच ओरडले, "बाबा, चला!"

मामाजी राखेच्या बोटांनीच दारापर्यंत गेले. मी आतून ऐकत होते. या वेळी मात्र शब्द अडू दिला नाही. बाहेर येऊन म्हटलं, "मामाजी, हे वाळवाले पाच-सहा दिवस लागते. सावलीत ठेवा लागते, चिमण्यांपासून सांभाळा लागते. माझ्यानं डब्यांमध्ये होनार नाई."

ते दिराला म्हणाले, "तू जाजो. अन् ते विहिरीजवळची जागा साफ नोको करू अजून."

पिशवी परत आत आली. इतकंच झालं.

चिलटांचं म्हणाल तर ती काही एका दिवसात गेली नाहीत. गंज गेल्यावर कमी झाली, पण राहिली. ती गेली ती कोजागिरीनंतर, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटायला लागली तेव्हा. मामाजींनी सांगितलं होतं तसंच. त्या पोरीला मी स्वतः जाऊन भेटले, खरं काय ते सांगितलं. ती हसून लोळली. पुढे नोकरीला जाईपर्यंत डबा माझाच खात होती.

आता दरवर्षी बरणी खिडकीतच असते, उघड्यावर, वर पातळ फडकं आणि रबर. तीन दिवस. आजूबाजूला चिलटं असतात, ती असणारच. मी ओट्यावरचं अन्न झाकते, वरण जाळीखाली ठेवते, पिकलेलं फळ त्याच दिवशी संपवते आणि बाकीचं थंडीवर सोडते. याहून जास्त उपाय मला ठाऊक नाही.

बदल झाला तो मामाजींमध्ये. त्यांना विचारायची चटक लागली. फोडणीत आधी मोहरी काऊन? कणीक झाकून काऊन ठेवते? अंबाडीचं आंबट कमी करायला काय घालते? भर कामाच्या वेळी असे येऊन उभे राहतात, की कधीकधी माझं डोकं उठतं. म्हणते, मामाजी, बसा ना जी तिकडे, पोळी करपली. ते जातात आणि दहा मिनिटांनी परत येतात. सांबारवडी त्यांना आता माझ्याहून चांगली वळता येते. बायको असताना या माणसानं स्वतःच्या हातानं पाण्याचा पेलाही भरला नव्हता.

परवा दुपारी ते खाटेवर पुड्या पसरून बसले होते. भेदराचं बी, वांग्याचं, वालाचं. प्रत्येक पुडीवर पेननं नाव घालायचं, निम्मं लावायचं, निम्मं मागे. विहिरीच्या काठची ती जागा आता दिरांनी त्यांच्याच नावानं सोडून दिली आहे. मी भांडी लावत होते. ते म्हणाले, "शोभा, एक वाफा रिकामा राहून राह्यला. तुले कोनती भाजी आवडते?"

मी म्हटलं, "दोडके लावू नका, पोरी खात नाईत. गवार चालते. पालक तं रोजच लागते."

"डब्याचं नाई म्हनत मी," ते म्हणाले. "तुले. तुले सोताले कोनती आवडते?"

मी तोंड उघडलं. यांना भरलं वांगं लागतं. पुण्याला असलेल्या मुलाला आलूशिवाय काही चालत नाही. मामाजींना झुणका, आत्याबाईंना अंबाडी आवडायची, चार नंबरच्या खोलीतल्या पोरीला फक्त भेंडी. सगळ्यांची नावं घडाघडा आली. हातातलं ताट पुसून झालं होतं, तरी मी ते पुसतच राहिले.

"थांबा मामाजी," मी म्हटलं. "आठवून सांगते."

ते पेनचं टोपण काढून, कोरी पुडी गुडघ्यावर धरून थांबले.